जेत्यांची गाणी, पराजितांचे ग्रंथ

लखनऊहून फैजाबादकडे जाणाऱ्या सडकेवरील चिनहट हे गाव पुढे तेथील रंगीत मातीच्या भांड्यांमुळे घरोघर ठाऊक झाले. परंतु इतिहासाच्या दप्तरात त्याची नोंद पडली ती 30 जून 1857 या एका दिवसामुळे. अवधचे राज्य खालसा होऊन दीड वर्षही लोटले नव्हते. पदच्युत वाजिद अली शाह कलकत्त्यास होता, आणि त्याच्या मुलखाचा कारभार पाहणारा चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स अपुऱ्या बातमीवर विसंबून, सहा-सातशे माणसांनिशी, न्याहरी न मिळालेल्या गोऱ्या शिपायांना ऐन उन्हाच्या काहिलीत चालवीत चिनहटच्या रोखाने निघाला. समोर इस्माइलगंजच्या आडोशाने बरकत अहमदाच्या हाताखालील बंडवाल्या शिपायांची फौज उभी होती. ती संख्येने कित्येक पटींनी मोठी तर होतीच, पण कवायतीतही तिची शिस्त मोडलेली नव्हती. कंपनीच्या तोफखान्यातील एतद्देशीय गोलंदाज उलटले, हत्तीने ओढून आणलेली आठ इंची हॉवित्झर तोफ शत्रूस मिळाली, शंभराहून अधिक गोरे पडले, आणि कुकरैलच्या पुलावरून कसेबसे माघारी फिरलेले सैन्य लखनऊच्या रेसिडेन्सीत कोंडले गेले. लॉरेन्स 4 जुलै रोजी तोफगोळ्याच्या जखमेने वारला; वेढा पुरता उठण्यास नोव्हेंबर उजाडला.

या लढाईचे वृत्त मात्र आपल्यापर्यंत पोहोचले ते हरलेल्यांच्या लेखणीतून. चिनहटला ठार झालेल्या कर्नल केसच्या विधवेने, ॲडलेड केसने, वेढ्यातील रोजनिशी 1858 मध्ये लंडनला छापली. चढाईचा आग्रह धरणारा महसूल खात्याचा अधिकारी मार्टिन गबिन्स यानेही त्याच वर्षी अवधच्या बंडाची जाडजूड हकीकत प्रसिद्ध करून आपली बाजू मांडली. ज्यांनी रणांगण मारले, त्यांच्यापैकी कित्येक पुढे तराईच्या जंगलात नाहीसे झाले, कित्येक फासावर गेले. ग्रंथ लिहावयास ना त्यांना सवड मिळाली, ना छापखाना. त्यांच्या बाजूचे जे उरले ते गाण्यांत उरले. शंकरपूरचा तालुकदार राणा बेनी माधो, जगदीशपूरचा कुँवरसिंह, कलकत्त्यास गेलेला बादशहा यांच्यावरील गीते अवध-भोजपूरच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या गायिली जात राहिली. त्यांत तारखा नाहीत, फौजेचे आकडे नाहीत. पण कोणाविषयी ममता होती आणि कोणाविषयी संताप, हे त्यांत जितके स्वच्छ दिसते तितके गबिन्सच्या साऱ्या पानांत मिळून दिसत नाही.

ही गीते छापून काढली ती, विचित्र योगायोग असा की, सरकारी अंमलदारानेच. वायव्य प्रांतात नोकरी केलेल्या विल्यम क्रूकने 1911 मध्ये, मुंबईस 1872 साली निघालेल्या ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात ती प्रसिद्ध केली. आपल्याकडे ॲक्वर्थ हा सनदी अधिकारी आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह 1891 मध्ये छापला, तेव्हाही सनदी नोकरी आणि शाहिरी यांची अशीच गाठ पडली होती. राज्य स्थिरावल्यावर राज्यकर्त्यास प्रजेची गाणी गोड लागतात. दप्तरात बांधलेल्या गाण्याचे भय कोणास वाटावे?

भय वाटेल अशा रीतीने या गीतांकडे पाहिले ते पूरणचंद जोशी यांनी. हा अलमोड्याचा माणूस कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस असताना मुंबईच्या कचेरीत त्याच्याभोवती गायक, नट, चित्रकार यांचा मेळा जमे. 1943 मध्ये मुंबईतच जननाट्य संघ स्थापन झाला. त्याच सुमारास अण्णाभाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा कामगारवस्तीत दुमदुमला, आणि 1944 मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख व गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. 1943 हेच अमेरिकेत वुडी गथ्रीचे ‘बाउंड फॉर ग्लोरी’ हे आत्मकथन प्रसिद्ध होण्याचे वर्ष. धुळीच्या वादळांनी देशोधडीस लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी रचणारा गथ्री आणि दीड दिवसाची शाळा शिकलेला वाटेगावचा अण्णाभाऊ यांची तुलना फार ताणू नये. तरी दोघांनीही गाण्यावर न थांबता स्वतः ग्रंथ लिहिले, हे साम्य मला महत्त्वाचे वाटते. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 मध्ये आली. गथ्रीने लोमॅक्स व सीगर या लोकगीतप्रेमी सहकाऱ्यांसह पूर्वीच तयार केलेला श्रमिकांच्या गाण्यांचा संग्रह मात्र प्रकाशित व्हावयास 1967 उजाडले, आणि गथ्रीही त्याच वर्षी वारला.

जोशींनी 1957 मध्ये उठावाच्या शताब्दीनिमित्त संपादिलेल्या ग्रंथात या लोकगीतांवर स्वतंत्र लेख लिहिला. या गीतांचा त्यांचा संग्रह पुस्तकरूपाने निघाला 1994 मध्ये, जोशींच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. क्रूकने जी गीते लोकाचाराचा नमुना म्हणून छापली, तीच जोशींनी साक्षीदाराची जबानी म्हणून पुढे ठेवली.

गीते रचणाऱ्या बहुतेकांची नावे संग्रहांस मिळाली नाहीत; गोळा करणाऱ्याचेही नाव फार दिवस मागेच राहिले. क्रूकच्या लोकसाहित्याच्या संकलनाचा मोठा भार पंडित राम गरीब चौबे यांनी वाहिला होता. लंडनच्या फोकलोर सोसायटीच्या दप्तरातील त्यांच्या हस्तलिखितांवरून साधना नैथानी यांनी या विद्वानाचे काम ग्रंथरूपाने उजेडात आणले ते 2006 मध्ये.