कोळ्याचं नाव तुकारामी

मंडळी, वसईकराने इतिहासावर लिहायचं म्हणजे चिमाजीअप्पा आणि किल्ला, असं ठरूनच गेलंय. :-) या वीकएंडला मात्र इतिहास आहे आठ पायांचा.

घराच्या भिंतीवर, ट्यूबलाईटच्या आसपास जाळं न विणता टुणटुण उड्या मारत फिरणारा एक कोळी असतो. तुम्ही बोट जवळ नेलंत तर पळायच्या आधी तो वळून तुमच्याकडे बघतो. हा भास नाही, तो खरंच बघतो. त्याला आठ डोळे. समोरचे मोठे दोन आतून दुर्बिणीसारखे, बारकावे टिपणारे. बाकीचे सहा बाजूला आणि मागे काय हलतंय त्यावर लक्ष ठेवतात. उडीचं तंत्र तर आणखी भारी. टोळासारख्या दणकट मांड्या याला नाहीत. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो मागचे पाय झटक्यात सरळ करतो. जेसीबीचा हात ज्या तत्त्वावर उचलला जातो तेच, हायड्रॉलिक! उडीआधी रेशमाच्या धाग्याचं टोक भिंतीला चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी खाली पडायचं नाही, लटकायचं. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात.

अशा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या जगात सहा हजारांहून जास्त जाती आहेत. कोळ्यांचं सगळ्यात मोठं घराणं हेच.

आता मुद्दा नावाचा. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू होतो. त्याआधीची नावं धरत नाहीत. अपवाद फक्त एक, आणि तो कोळ्यांचा आहे! कार्ल क्लर्क नावाच्या स्वीडिश माणसाने १७५७ साली कोळ्यांवर पुस्तक काढलं, त्यातली नावं आजही चालतात. म्हणजे या रजिस्टरात पहिला नंबर कोळ्यांनीच लावलाय.

या रजिस्टराचा एक कडक नियम आहे. एकदा नीट नोंदलेलं नाव सहजासहजी बदलता येत नाही. घराणं बदललं तरी जातीचं नाव तेच राहतं. आमच्या वसईचं बघा. पोर्तुगीजांनी बसाईं म्हटलं, मराठ्यांनी बाजीपूर, इंग्रजांनी बसीन, आणि आता पुन्हा वसई. गावाचं नाव चार वेळा बदलेल, कोळ्याचं नाही.

मग आपल्या भिंतीवरच्या कोळ्याचं नाव काय? बहुतेक वेळा तो असतो 'प्लेक्सिपस पायकुली'. नर काळा, पाठीवर पांढरे पट्टे. मादी तपकिरी. पायकुल हा अठराव्या शतकातला स्वीडिश कीटकतज्ञ. आणि नाव दिलं कुठल्या कोळ्याला पाहून? इजिप्तमधल्या! नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर साविन्यी नावाचा निसर्गअभ्यासक गेला होता. त्याने परत येऊन प्राण्यांची सुंदर चित्रं तयार करून घेतली, पण त्यांचं वर्णन लिहिण्याआधीच त्याचे डोळे गेले. शेवटी ऑदुआँ नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने १८२६ मध्ये ते काम पुरं केलं. एवढ्या तीक्ष्ण डोळ्यांच्या प्राण्याला नाव मिळालं ते असं. पुढे माणसाच्या सामानातून, जहाजांतून हा कोळी जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचला.

जुन्या नावांची गोष्ट साधारण अशीच असते. प्राणी आपल्या भिंतीवर, पण त्याच्या नावात जो माणूस आहे त्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही.

आता २०२१ मध्ये या. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप या अभ्यासकांनी ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. त्यातल्या एकीचं नाव 'आयसियस तुकारामी'. आपल्या सरकारी यादीसारखं आडनाव आधी. शेवटची 'ई' म्हणजे लॅटिनमधली षष्ठी, आपला 'चा'. तुकारामाचा आयसियस.

हे तुकाराम म्हणजे तुकाराम ओंबळे. गाव केडंबे, जिल्हा सातारा. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर हे सहायक उपनिरीक्षक होते. हातात फक्त लाठी. गाडीतून उतरलेल्या कसाबच्या रायफलची नळी त्यांनी धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. त्यांचा जीव गेला, पण कसाब जिवंत सापडला. कट कुठे शिजला हे जगासमोर मांडता आलं ते त्यामुळे. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

"अहो, पण शहिदाचं नाव कोळ्याला?" असं कुणी म्हणेल. माझं उत्तर असं, की पुतळ्यावर धूळ बसते, चौकाच्या पाटीवर पोस्टर चिकटतं. हे नाव मात्र दीडशे वर्षांनी दुसऱ्या कुठल्यातरी देशात, कधीही मुंबई न पाहिलेला माणूस टाईप करेल आणि 'हा कोण?' म्हणून शोधेल. जसं आज आपण पायकुल शोधतो. फरक इतकाच, की यावेळी उत्तर आपल्या गल्लीतलं असेल. याच आयसियस घराण्यात कारगिलच्या कॅप्टन विक्रम बत्रांच्या नावाचीही एक जात आहे.

पण नाव टिकायला मालकही टिकावा लागतो ना.. पायकुलीची काळजी नाही. तुम्ही ४० मजली टॉवर बांधा, तो चाळिसाव्या मजल्यावर माश्या पकडेल. जे कोळी झुडपं-पालापाचोळा धरून राहतात त्यांचं तसं नाही. ठाणे-कल्याण म्हणजे रोज नवीन पाया खणला जाणारा पट्टा. आमचं वसई-विरार १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा होईपर्यंत त्याच ठाणे जिल्ह्यात होतं. २०११ च्या जनगणनेतच महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. तुंगारेश्वरच्या जंगलाला २००३ पासून अभयारण्याचं कवच तरी आहे. वाड्या, बांध, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवरची झुडपं, यांना कसलंच नाही. आणि नवीन जाती सापडायला घनदाट जंगलच लागतं असं नाही, हे ठाणे-कल्याणने दाखवलंय. प्लॉट सपाट करताना कोणती जात नाव मिळायच्या आधीच गेली, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

असो. सोमवारी परत डेडलाईन आहेच. त्याआधी झाडू उचललात तर एकदा त्या भिंतीवरच्या गड्याकडे नीट बघा. मोबाईलवर मोठा करून फोटो काढा. तो माणसाच्या वाटेला जात नाही, उलट डास-माश्या खातो. आणि बोट जवळ नेऊन बघाच. वळून बघतो की नाही ते सांगा. :-)