पिंगशी झुंज: कळमनुरीतून झाडलेली गोळी पोचते कधी?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

दिवाळीत कळमनुरीला गेलो होतो. पुतण्या लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेला. "काका, गोळी मी आधी मारली अन् मेलो पण मीच! नेटच्या सेटिंग्ज नीट करून द्या ना." एक व्हिडिओ बघून त्यानं विंडोजच्या रजिस्ट्रीत बरीच उलथापालथ केली होती. वर साठवलेल्या पैशातून एका 'पिंग बूस्टर'ची वर्गणीही भरली होती. फरक काही नाही. शेवटी म्हणतो, "माझेच हात स्लो असतील."

हे वाक्य मला लागलं. म्हणून आज ही जुनी गोष्ट सांगायची.

१ मे १९९९ला परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला. त्याच्या पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, 'काउंटर-स्ट्राइक'ची पहिली चाचणी आवृत्ती आली. म्हणजे आपला जिल्हा आणि हा खेळ जवळपास एकाच वयाचे.

पण लॅगचं दुखणं त्याहून जुनं. १९९६ साली 'क्वेक' आला. त्यात तुम्ही पुढं जायचं बटण दाबलं, की तो निरोप सर्व्हरकडे जायचा, उत्तर यायचं, आणि मग तुमचा माणूस हलायचा. हा जाऊन-येऊन लागणारा वेळ म्हणजे पिंग. मॉडेमवर तो सेकंदाचा चौथा-तिसरा हिस्सा सहज व्हायचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉन कारमॅकनं 'क्वेकवर्ल्ड' काढलं. आता तुमचा संगणक उत्तराची वाट न बघता अंदाजानं तुम्हाला हलवायचा आणि चूक झाली तर मागाहून दुरुस्त करायचा.

पुढं 'हाफ-लाइफ' आणि 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये आणखी एक युक्ती आली. गोळी झाडताना झाडणाऱ्याला पडद्यावर काय दिसत होतं, ते सर्व्हर घड्याळ मागं फिरवून बघतो आणि मग निकाल देतो. त्यामुळं तुम्ही भिंतीआड पोचलात तरी मरता, कारण समोरच्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर असता. पुतण्याच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथं आहे.

आता सेटिंग्जकडे येऊ. त्या काळी त्यांना खरंच अर्थ होता. काउंटर-स्ट्राइकच्या कन्सोलमध्ये 'रेट' म्हणून आकडा असायचा, म्हणजे सर्व्हरनं दर सेकंदाला जास्तीत जास्त किती बाइट पाठवायचे. मॉडेमवाल्यांसाठी २५००च्या आसपास ठीक. पण पोरं एकमेकांचं बघून सरसकट २५००० टाकायची. २५००० बाइट म्हणजे २०० केबीपीएस, आणि मॉडेम सगळ्यात चांगला म्हटला तरी ५६चा! मग डेटा वाटेतच तुंबायचा. २००५मध्ये बीएसएनएलचं २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड आलं, तेव्हा कुठं हा आकडा तारेत मावायला लागला. एकच सेटिंग एकाच्या घरी औषध, दुसऱ्याच्या घरी दुखणं.

रजिस्ट्रीतला तो प्रसिद्ध बदलही असाच. १९८४मध्ये जॉन नेगलनं छोटे छोटे निरोप एकत्र बांधून पाठवायची पद्धत सुचवली. ती बंद करा, पिंग घसरेल, असं हे व्हिडिओ सांगतात. पण ती पद्धत टीसीपीसाठी आहे. शूटर खेळ सहसा यूडीपीवर चालतात. म्हणजे आपण ज्या रस्त्यानं जातच नाही, त्याच्यावरचा नाका हटवल्यासारखं. डीएनएस बदलणंही तसंच. डीएनएस फक्त पत्ता शोधून देतो. सामना सुरू झाला की त्याचं काम संपलं.

मग लॅग कमी केला कुणी? मोठा वाटा अंतर कमी करणाऱ्यांचा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. कळमनुरीहून सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटर. जाऊन-येऊन ३५ मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, वर वळणं आणि यंत्रं वेगळी. मुंबई रस्त्यानं सहाशेच्या आसपास धरा, तर हाच हिशेब ६ मिलिसेकंदांवर येतो. पूर्वी देशातल्या देशातला डेटासुद्धा कंपनी बदलताना परदेशातून फिरून यायचा. २००३मध्ये निक्सी स्थापन झाली, ती हा वळसा वाचवण्यासाठीच. २०१६मध्ये अ‍ॅमेझॉननं क्लाउडचं केंद्र मुंबईत उघडलं. २०२०मध्ये 'व्हॅलोरंट'चा सर्व्हर मुंबईत आला. कोणतीही रजिस्ट्री उघडून हे होत नाही.

मग आपल्या हातात काहीच नाही का? आहे, पण घरापुरतं. राउटरमध्ये डेटाची रांग लांबली की पिंग उड्या मारतो. २०१०मध्ये जिम गेटिसनं या दुखण्याला 'बफरब्लोट' नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर 'कोडेल' हा उपाय मांडला. तुमच्या राउटरमध्ये एसक्यूएम असेल, तर ते चालू करून वेग खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवा.

पुतण्याकडे तो पर्याय नव्हता. मग दोनच गोष्टी केल्या. वायफाय सोडून केबल जोडली आणि वहिनींच्या फोनचं फोटो-बॅकअप रात्रीवर ढकललं. नंतर खेळात सर्व्हर बघितला, तर सिंगापूर निवडलेला. तो मुंबई केला.

दहा मिनिटांनी आतून आरडाओरडा. जिंकला होता. हात स्लो नव्हतेच त्याचे, निरोप लांबून येत होता.

तर मंडळी, बूस्टरला पैसे देण्याआधी सर्व्हर कुठं आहे ते बघा. भेटू पुढच्या भागात.