नामदेवांचं तूप आणि दारची भाकरी

कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी घशाला लागेल, एवढीच त्यांना काळजी. ही कथा महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कुत्र्याच्या वाट्याला कोरडंच येतं, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून तर ती वाटी मनात राहते.

शिळी भाकरी, ताक, कालवणाचा तळ, एवढाच दारच्या कुत्र्याचा वाटा. तूप घरातल्यांच्याच ताटात मोजून पडायचं. सोलापूरपासून मुधोळपर्यंतच्या पट्ट्यातले सडपातळ शिकारी कुत्रेही दुधात कुस्करलेल्या भाकरीवरच वाढले. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी नावारूपाला आणलेली ही जात सशाच्या मागे वाऱ्यासारखी धावते.

हजारो मैल दूर रोममध्ये, पहिल्या शतकात, कोलुमेला या लेखकाने शेतावरच्या कुत्र्यांसाठी काय सुचवलं? जवाचं पीठ आणि चीज केल्यावर उरलेली निवळी. आपलं ताक आणि त्यांची निवळी, दोन्हीतली बरीचशी चरबी माणसाने आधीच काढून घेतलेली! टंचाईने ठरवलेला हा आहार कुत्र्यालाही मानवला. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार, पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. माणसाच्या धान्याशी त्याचं शरीर जुळत गेलं.

मग चरबी त्याला मुळीच चालत नाही का? चालते, आणि चांगली चालते. अलास्कातल्या लांब शर्यतींत बर्फगाड्या ओढणारे कुत्रे दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी खातात आणि त्यातला मोठा भाग चरबीचा असतो. ते ती धावून जाळतात, आणि त्यांच्या शरीराला तिची सवय झालेली असते.

घोटाळा होतो तो घरात बसणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅटने कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला काढली आणि कुत्र्याचं जेवण हळूहळू पाकिटात गेलं. ताटातला घास ही मग त्याची गरज राहिली नाही, तो लाड झाला. लाडाचा घास कोरडा कोण देणार? मटणाची चरबी, तळणीतलं, सणाचा साजूक तुपातला लाडू.

असा घास पोटात गेला की कधीकधी दिवस-दोन दिवसांत कुत्रा उलट्या करू लागतो, खाणं सोडतो. पोट इतकं दुखतं की पुढचे पाय जमिनीला टेकून तो मागचा भाग वर धरून उभा राहतो. स्वादुपिंडाला सूज आलेली असते. अन्न पचवणारे पाचकरस वेळेआधीच, आतल्या आत कामाला लागतात आणि त्या ग्रंथीलाच पचवू पाहतात. मिनिएचर श्नाउझरसारख्या, रक्तातच चरबी जास्त असणाऱ्या जातींना याचा धोका मोठा. लठ्ठ कुत्र्यांनाही. काही वाचत नाहीत. घरच्या रश्श्यातल्या कांदा-लसणाचं दुखणं आणखी वेगळं, त्याने तांबड्या पेशी फुटतात.

म्हणून कुत्र्याला घरचं द्यायचंच, तर पशुवैद्य जे सांगतात ते जुन्या वाट्याच्या बरंच जवळ जातं: साधा भात, मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी, कातडी काढून. कोंबडी उकडलेलं पाणी गार झाल्यावर वर साचलेला चरबीचा पांढरा थर चमच्याने उचलून बाजूला टाकायचा, आणि मगच ते त्याच्या भातावर ओतायचं.