जादू येणार होता, त्या वर्षी

मूळ कथेला फांदी फुटते आणि ती फांदी स्वतंत्र वाढते, याला टीव्हीच्या जगात ‘स्पिन-ऑफ’ म्हणतात. आपल्याला हा प्रकार परका नाही. महाभारताच्या वनपर्वात नळ-दमयंतीची कथा येते आणि ऐकणारा घटकाभर पांडवांना विसरतो. नवी आहे ती वाट पाहण्याची रीत. आज फांदी फुटण्याआधीच तिची घोषणा होते आणि चाहते वर्षभर अंदाज बांधत बसतात. आपण टीव्हीचा इतिहास लिहितो तेव्हा काय दाखवलं गेलं याची नोंद करतो. कुणी कशाची वाट पाहिली आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं का, याची नोंद सहसा राहून जाते. सोलापूरसारख्या शहरातून पाहिलं तर हा दुसरा इतिहास जास्त खरा वाटतो.

सुरुवात माझ्या मामाच्या पिढीपासून करतो. १९८४च्या सुमारास देशभर छोटे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले आणि मोठ्या महानगरांबाहेरच्या घरांत दूरदर्शन आलं. त्या दशकात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळातली. म्हणजे मामा ज्या यानाच्या पुढच्या सफरीसाठी आठवडाभर जीव टाकत होता, ते यान अमेरिकेत केव्हाच धक्क्याला लागलं होतं. इतकंच नाही, तर सप्टेंबर १९८७मध्ये तिकडे ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही त्याच विश्वातली नवी मालिका सुरूही झाली. मामाला तिचा पत्ता लागला तो कितीतरी वर्षांनी. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसेल, तर तिची वाट तरी कशी पाहणार? त्याची वाट फक्त पुढच्या रविवारपर्यंतची होती.

१९८९मध्ये दूरदर्शनवर आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ आली. शाळकरी मुलं, संगणक आणि काळातून प्रवास, असा तिचा मामला. तिच्यात गिरीश कार्नाड होते आणि पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेला करण जोहरही मुलांमध्ये होता. मला ही मालिका महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. आपल्याकडे विज्ञानकथा टीव्हीवर आली की ती एक तर बाळबोध होते, नाही तर ‘कॅप्टन व्योम’सारखी मोठ्या माणसाच्या पराक्रमाची. तेरा ते सोळा या वयाला, म्हणजे मिसरूड फुटू लागलेल्या वयाला, स्वतःचं म्हणावं असं फार थोडं मिळालं. ‘इंद्रधनुष’ त्या थोड्यांपैकी एक. ती लागली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

माझ्या वाट्याला आला तो जादू. ८ ऑगस्ट २००३ रोजी ‘कोई... मिल गया’ प्रदर्शित झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. राकेश रोशन यांच्या या सिनेमातला परग्रहावरचा निळा पाहुणा उन्हातून शक्ती घेतो. सोलापूरच्या पोरांना ही बाब विशेष भावली. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळिशीकडे झुकणाऱ्या गावाला ऊन कमी पडण्याची भीतीच नव्हती. कसौलीच्या ढगाळ डोंगरात उतरण्याऐवजी तो आमच्या पत्र्याच्या छपरावर उतरला असता, तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता, असं आम्ही म्हणायचो. शेवटी जादू परत जातो आणि प्रश्न मागे राहतो: पुढे काय? वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं होती. प्रत्येकाकडे पुढची वेगळी गोष्ट तयार होती. स्पिन-ऑफ हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता, पण आम्ही रोज मधल्या सुट्टीत तेच करत होतो.

खरी फांदीही फुटली. २००४मध्ये निकलोडियन वाहिनीवर ‘जे बोले तो जादू’ ही मालिका आली. ते वर्षच तसं होतं. जानेवारीत ‘पोगो’ सुरू झाली, सप्टेंबरमध्ये ‘हंगामा’, डिसेंबरमध्ये ‘डिस्ने’. मुलांच्या वाहिन्यांची अशी रांग लागल्यावर ओळखीच्या चेहऱ्याला मागणी येणारच, आणि जादूइतका ओळखीचा चेहरा दुसरा कुठला? बातमी आमच्यापर्यंत आली. मालिका मात्र आली नाही. तेव्हाची केबल जुन्या पद्धतीची. तारेतून मोजक्याच वाहिन्या जायच्या आणि त्या कोणत्या, हे केबलवाला ठरवायचा. त्याच्या हिशेबात आधी बातम्या, क्रिकेट, सासू-सुनांच्या मालिका आणि पूर्वभागासाठी तेलुगू वाहिन्या. मुलांच्या वाहिन्या उरल्या जागेत. शिवाय भारनियमन होतंच. शुक्रवारी ज्यांना चित्र मिळालं ते सोमवारी वर्गात सांगायचे आणि बाकीचे ऐकायचे.

पण पोहोच हे अर्धंच कारण. दुसरं कारण वयाचं. सिनेमा पाहताना आम्हाला ओढ लागली होती ती अवकाशात संदेश पाठवणाऱ्या त्या संगणकाची, आणि वर्गात हसं होणाऱ्या रोहितची. मालिका लहान मुलांच्या वाहिनीवर, लहान मुलांसाठी होती. वर्षभरात आम्ही आठवीतून नववीत गेलो होतो. चाहता वाढत जातो आणि त्याच्यासाठी घडवलेली गोष्ट मात्र त्याचं जुनं वय धरून बसते. पुढे २००६च्या ‘क्रिश’मध्ये कथा रोहितच्या मुलाकडे गेली आणि जादू आठवणीपुरता उरला.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ या १९६३पासूनच्या मालिकेची ‘क्लास’ नावाची शाखा ऑक्टोबर २०१५मध्ये जाहीर झाली. लेखक पॅट्रिक नेस, नायक शाळेतली मोठी मुलं, आणि शाळाही मूळ मालिकेच्या पहिल्याच भागातली, कोल हिल. चाहते वर्षभर थांबले. पण ती ज्या ‘बीबीसी थ्री’साठी बनली, ती वाहिनी फेब्रुवारी २०१६मध्ये टीव्हीवरून उठून केवळ इंटरनेटवर गेली होती. ऑक्टोबर २०१६मध्ये मालिका तिथे आली, ‘बीबीसी वन’वर नंतर रात्री उशिरा लागली, आणि आठ भागांनंतर संपली. एवढ्या श्रीमंत संस्थेतही तरुणांची गोष्ट ठेवायला जागा मिळाली ती कोपऱ्यातली. सोलापूरचा केबलवाला आणि लंडनची वाहिनी, दोघांचा हिशेब शेवटी सारखाच निघाला.

आमच्या गावाची तार २०१३मध्ये बदलली. केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूर होतं. घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसले आणि शंभरावर वाहिन्या दिसू लागल्या. त्याच वर्षी ‘कार्टून नेटवर्क’वर ‘किड क्रिश’ हा अॅनिमेशनपट आला. माझ्या भाच्याने तो पहिल्याच दिवशी पाहिला. केबलवाल्याची विनवणी नाही, सोमवारी दुसऱ्याकडून ऐकणं नाही. त्याचा आनंद खरा होता आणि मला त्याचा हेवाही वाटला. फक्त एक फरक जाणवला. पुढे काय होईल असं विचारलं, तर तो म्हणाला, “मामा, पुढचा भाग आला की कळेलच ना.”

वंचित राहण्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. ज्या मुलांना चित्र मिळालं नाही, त्यांचं नुकसानच झालं. त्यात माझे तीन-चार वर्गमित्र होते ज्यांना विज्ञानाची खरी ओढ होती. पण त्या रिकाम्या जागेत त्यांनी जे रचलं, त्याची नोंद कोणत्याच संग्रहात नाही. मार्च २०२५मध्ये ‘क्रिश ४’ची घोषणा झाली, तेव्हा पस्तिशीला आलेल्या आमच्या गटात पहिला प्रश्न आला तो हृतिक रोशन दिग्दर्शन कसं करणार हा नव्हता. प्रश्न होता: जादू येणार का? आणि लगेच तिघांनी तीन वेगवेगळ्या कथा सांगितल्या. वीस वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत अर्धवट राहिलेल्या.