शिल्लक पुढे ओढणारी वही

आजचा विषय तुमच्या-आमच्या घरातलाच आहे: वही. खिशात फोन आहे, त्यात कॅलेंडर आहे, हिशेबाचं ॲप आहे. तरी डिसेंबर आला की डायऱ्या विकत घेतल्या जातात आणि दिवाळीत व्यापारी लाल कापडी पुठ्ठ्याची नवी वही आणून तिची पूजा करतात. सगळा हिशेब संगणकावर ठेवणारा दुकानदारसुद्धा पहिल्या पानावर 'श्री' लिहितोच. याला नुसती सवय म्हणून सोडून द्यायचं का? आम्हाला वाटतं, त्यामागे इतिहास आहे, आणि तो आपल्या दप्तरांतच सापडतो.

आधी शब्द बघू. 'रोजनिशी' ऐकलं की आपल्याला रात्रीचा दिवा आणि मनातल्या गोष्टी आठवतात. पण या 'निशी'चा रात्रीशी काही संबंध नाही. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फडणवीस, चिटणीस, पारसनीस या नावांत तोच बसलेला आहे. म्हणजे रोजनिशी हे रोजचं लिहिणं, आणि ते मुळात कारकुनाचं काम. 'दप्तर'ही फारसीतूनच आलं. पोराच्या पाठीवरची पिशवी आणि पेशव्यांचा कागदपत्रांचा साठा, दोन्हींना आपण एकच नाव दिलं.

पेशवाईतल्या रोजनिशीत भावना नाहीत. कोणत्या तारखेला कोणाला काय आज्ञा गेली, किती रक्कम जमा झाली, किती खर्ची पडली, एवढंच. पण त्या पद्धतीत एक खुबी होती. कीर्दीत आजचा जमाखर्च मांडायचा, खाली शिल्लक काढायची आणि ती उद्याच्या पानावर पुढे ओढायची. त्यामुळे प्रत्येक पान मागच्या पानाला बांधलेलं. मधलं एक पान काढलं की पुढचा मेळ बसत नाही. चूक झाली तर खाडाखोड दिसते, आणि ती दिसावी हेच हिशेबात महत्त्वाचं. बोरूने लिहिलेली काजळाची शाई तर अशी, की कागद पिवळा पडला तरी अक्षर काळंच राहतं.

या कागदांवर पुढे माणसांचं पोट अवलंबून राहिलं. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८५२ च्या सुमारास इनाम कमिशनने इनामदारांना विचारायला सुरुवात केली, की जमीन कोणत्या आधारावर खाता? ज्याच्याकडे सनद होती, किंवा ज्याची नोंद दप्तरात सापडली, तो टिकला. ज्याला कागद दाखवता आला नाही, त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन धोक्यात आली. म्हणजे वही ही नुसती आठवण नव्हे. ती पुरावा होती, आणि कोणाच्या हातात आहे यावर तिची ताकद ठरत होती.

ही ताकद तुकोबांना नेमकी ठाऊक होती. परंपरा सांगते की घरच्या सावकारीची खतं त्यांनी भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. कागद बुडाला की कर्ज बुडालं. कुळं मोकळी झाली. पुढे त्याच इंद्रायणीत त्यांच्या अभंगांच्या वह्या बुडवायला लावल्या गेल्या आणि त्या तेरा दिवसांनी वर आल्या, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. आम्हाला त्यात दिसतं ते एवढंच, की समाजाने कोणती वही बुडालेली चालेल आणि कोणती बुडता कामा नये, याचा निवाडा त्या कथेत करून ठेवला आहे.

आता एक अलीकडचं उदाहरण घेऊ. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुष्कळ वर्षांनी त्यांनी ते सगळं मोडीत लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' छापलं, पण मजकुरावर हात फिरवून. वर्षानुवर्षं वाचकांनी तेच वाचलं. मूळ हस्तलिखित जपलं गेलं होतं म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये मूळ संहिता छापता आली. हाताने लिहिलेले ते कागद त्याआधीच कुणी रद्दीत घातले असते तर? भटजींचा खरा आवाज कसा होता, हे आपल्याला कधीच कळलं नसतं.

याचा अर्थ फोन टाकून द्या असा नाही. शोधायला, वाटायला, प्रती काढायला संगणकासारखं साधन नाही. जुनी दप्तरं वाचवण्यासाठीसुद्धा आज त्यांची छायाचित्रंच घ्यावी लागतात. पण पासवर्ड विसरला, कंपनीने सेवा बंद केली, की तिथली नोंद घरच्यांच्याही हाती लागत नाही. वहीला पासवर्ड नसतो. आजीने मागच्या पानावर लिहिलेला दुधाचा हिशेब नातीला न विचारता मिळतो, आणि त्यासोबत तिचं अक्षरही मिळतं. कागदाची ओढ टिकून आहे ती यामुळे, असं आम्हाला वाटतं.

राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापत गेले. कित्येक घरांत त्या कागदांची किंमत घरच्यांनाच ठाऊक नव्हती. आज आपली स्थिती निराळी आहे का? मोडी शाळेतून गेली, त्यामुळे पणजोबांचं अक्षर आपल्याला परकं झालं. वाचता येत नाही ते निरुपयोगी, असं समजून घर बदलताना गठ्ठे रद्दीवाल्याला जातात.

तेव्हा मंडळी, एवढं करा. माळ्यावर जुन्या वह्या असतील तर खाली काढा. पानं फाडू नका, सेलोटेप लावू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून सुती फडक्यात बांधा. जुने लोक रुमालात बांधत, ते उगीच नव्हे. मोडी असेल तर जाणकाराला दाखवा. आणि आज स्वतः लिहीत असाल तर पहिल्या पानावर नाव, गाव आणि साल घाला. पुढच्या माणसाला शिल्लक कुठून ओढायची, हे कळायला हवं.