जुन्या धाटणीचे खेळाडू-कार्ड

जुन्या धाटणीचे खेळाडू-कार्ड म्हणजे एखाद्या जुन्या काळातील छपाईची पद्धत, रंगसंगती, अक्षरवळण आणि आकार यांचे अनुकरण करून आज नव्याने तयार केलेले खेळाडूचे चित्रपत्र. कार्डाच्या पुढील बाजूस खेळाडूचे चित्र व नाव असते. पाठीवर अल्पचरित्र आणि कारकिर्दीचे आकडे असतात. या प्रकाराचा उगम अमेरिकेतील बेसबॉल कार्डांत आहे. बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये त्याचे स्थान गोलंदाजाला आहे. थोर पिचरांचा गौरव करणारी कार्डे हा संग्राहकांच्या व हौशी चित्रकारांच्या विशेष आवडीचा विषय आहे. याच पद्धतीने क्रिकेटमधील गोलंदाजांची कार्डेही करता येतात. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांची कारकीर्द अशा कार्डाच्या रचनेतील प्रश्न समजून घेण्यास उपयुक्त ठरते.

उगम व विकास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सिगारेटच्या पाकिटांत पाकीट दुमडू नये म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा घालण्याची प्रथा होती. या तुकड्यावर चित्र छापले, तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेते, हे तंबाखू कंपन्यांच्या लक्षात आले. रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८७ च्या सुमारास काढलेल्या पन्नास कार्डांच्या मालिकेत दहा बेसबॉलपटू होते. टिम कीफ व जॉन क्लार्कसन हे नामांकित पिचर त्यांतच होते. मुष्टियोद्धे, मल्ल आणि नेमबाज यांनाही या मालिकेत स्थान मिळाले होते. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ या सिगारेटसोबत प्रत्यक्ष छायाचित्रे चिकटवलेली तपकिरी छटेची कार्डे दिली. त्या वेळचे कॅमेरे वेगवान हालचाल टिपू शकत नसत. म्हणून खेळाडूला छायाचित्रकाराच्या दालनात उभे करून चेंडू दोऱ्याने टांगला जाई. काही कार्डांवर तो दोरा आजही स्पष्ट दिसतो.

१९०९ ते १९११ या काळातील अमेरिकन टोबॅको कंपनीची मालिका ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जाते. पांढरी चौकट, शिळाछापाचे सपाट व तजेलदार रंग आणि तळाशी तपकिरी अक्षरांत आडनाव व शहर ही तिची ओळख होय. कार्डाचा आकार सुमारे ३.७ × ६.७ सेंटिमीटर होता. सर्वाधिक ५११ विजय नोंदवणारे साय यंग, ४१७ विजयांचे वॉल्टर जॉन्सन आणि ३७३ विजयांचे क्रिस्टी मॅथ्यूसन हे तिन्ही महान पिचर या मालिकेत आहेत. मात्र या मालिकेच्या पाठीवर केवळ सिगारेटची जाहिरात असे. चरित्र व आकडे देण्याची पद्धत १९११ च्या सोनेरी चौकटीच्या ‘टी-२०५’ मालिकेत ठळकपणे दिसते.

पुढे तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली. बॉस्टनच्या गौडी कंपनीच्या १९३३ मधील मालिकेत एकरंगी गडद पार्श्वभूमी आणि तळाशी लाल पट्टी आढळते. लेफ्टी ग्रोव्ह, कार्ल हबेल व डिझी डीन हे पिचर या मालिकेत आहेत. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये ४०७ कार्डांची मालिका काढली. संघाचे बोधचिन्ह, स्वाक्षरीची छापील प्रतिकृती आणि पाठीवर गेल्या हंगामाचे व एकूण कारकिर्दीचे आकडे अशी तिची मांडणी होती. साय बर्जर हे तिच्या रचनाकारांपैकी प्रमुख होत. १९५७ पासून टॉप्सने स्वीकारलेला ६.३५ × ८.९ सेंटिमीटर हा आकार आज प्रमाण मानला जातो.

क्रिकेट व भारत

क्रिकेटपटूंची कार्डे इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली. ब्रिस्टल येथील विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची मालिका काढली. इंग्लंडकडून खेळलेले रणजितसिंहजी यांचे चित्र अनेक सिगारेट-कार्डांवर आले. भारतात राहून खेळलेल्या गोलंदाजांना मात्र अशा मालिकांत क्वचितच स्थान मिळाले, कारण या मालिका इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून काढलेल्या असत.

भारतात १९८० च्या दशकात ‘बिग फन’ या बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आणि नंतरची ‘ट्रंप कार्डे’ शाळकरी मुलांनी हौसेने जमवली. भारतीय टपाल खात्याने १९९६ मध्ये सी. के. नायडू, दि. ब. देवधर, विजय मर्चंट व विनू मंकड यांच्यावर तिकिटे काढली. चित्र, नाव आणि मर्यादित जागा या दृष्टीने टपाल तिकीट हे खेळाडू-कार्डाचे जवळचे नातेवाईक म्हणता येईल.

पुढील बाजूची रचना

रचनेची पहिली पायरी म्हणजे कालखंड निश्चित करणे. टी-२०६ ची पांढरी चौकट, गौडीची लाल पट्टी आणि टॉप्सची स्वाक्षरी एकाच कार्डावर आणल्यास ते कोणत्याच काळाचे वाटत नाही. आकार, अक्षरवळण आणि रंग हे तिन्ही एकाच मालिकेवरून घेणे इष्ट असते.

दुसरी पायरी चित्राच्या निवडीची. पिचर वा गोलंदाज यांच्या बाबतीत तीन क्षण विशेष बोलके असतात: चेंडू टाकण्यापूर्वीची हातापायांची जुळवाजुळव, चेंडू हातातून सुटण्याचा क्षण आणि त्यानंतर पुढे झुकलेले शरीर. याखेरीज बोटांची पकड दाखवणारे जवळचे चित्रही उपयोगी पडते. वॉल्टर जॉन्सन यांचा हात बाजूने येत असे, तर मॅथ्यूसन व हबेल हे नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेने वळणाऱ्या चेंडूसाठी प्रसिद्ध होते. चित्रात हे वैशिष्ट्य दिसले पाहिजे. जॉन्सन यांचा हात डोक्यावरून येताना दाखवला, तर चेहरा हुबेहूब असूनही कार्ड चुकीचे ठरते.

तिसरी पायरी रंगांची. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे व एकावर एक ठसे उमटवून चित्र पूर्ण होई. त्यामुळे रंगांची संख्या मर्यादित राही आणि एखादा रंग रेषेबाहेर किंचित सरके. संगणकावर रचना करताना पाच-सहा सपाट रंग निवडणे, छायाचित्रातील बारीक छटा कमी करणे आणि एखादा रंग केसभर सरकवणे यांतून हा परिणाम साधतो. छपाईसाठी चकचकीत कागदाऐवजी चकाकी नसलेला जाड कागद किंवा पातळ पुठ्ठा वापरतात.

हे तंत्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये सुरू झालेल्या व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवलेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे याच बहुरंगी शिळाछापाने तयार होत असत. म्हणून मराठी मुलखातील खेळाडूचे कार्ड करताना अमेरिकन अक्षरवळण उसने घेण्याची आवश्यकता नसते. सातारा व सांगली जिल्ह्यांत त्या काळाचे स्थानिक नमुने उपलब्ध आहेत. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ हे चित्र व मजकूर यांच्या मेळाचे उदाहरण आहे. १९३८ मध्ये उभे राहिलेले औंधचे संग्रहालय आज सातारा जिल्ह्यात आहे. त्याच संस्थानच्या हद्दीत वसलेल्या किर्लोस्करवाडीतून, जी आज सांगली जिल्ह्यात आहे, १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिक सुरू झाले. त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर हेही चित्रकार होते. त्या काळातील मासिकांचे देवनागरी शीर्षकलेखन व चौकटी यांवरून मराठी कार्डाची धाटणी ठरवता येते.

पाठीची रचना

कार्डाची पुढील बाजू लक्ष वेधून घेते. खेळाडू कोण म्हणून स्मरणात राहणार, हे बरेचसे पाठ ठरवते. जागा थोडी असल्याने कोणते आकडे द्यावेत व कोणते गाळावेत, हा निर्णय अपरिहार्य असतो. पिचरच्या कार्डावर विजय, पराभव, बाद केलेले फलंदाज आणि प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या धावांची सरासरी ही माहिती देतात. गोलंदाजाच्या कार्डावर षटके, निर्धाव षटके, धावा, बळी व सरासरी असे रकाने असतात.

या रकान्यांची निवड किती निर्णायक ठरते, हे पुढील उदाहरणांवरून दिसते.

सॅचेल पेज: वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धांत १९४७ पर्यंत प्रवेश नव्हता. पेज यांच्या उमेदीची वर्षे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र स्पर्धांत गेली. १९४८ मध्ये क्लीव्हलँड संघात आले, तेव्हा त्यांचे वय ४२ होते. मोठ्या मालिकांतील त्यांची कार्डेही त्यानंतरचीच आहेत. त्या कार्डांच्या रीतीने केवळ प्रमुख स्पर्धांचे आकडे दिले, तर त्यांच्या नावावर २८ विजय दिसतात. १९७१ मध्ये बेसबॉलच्या गौरवदालनात निवडला गेलेला पिचर त्या आकड्यात सापडत नाही. २०२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या जुन्या स्पर्धांना प्रमुख स्पर्धांचा दर्जा देण्यात आला व २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले.

पाळवणकर बाळू: धारवाड येथे जन्मलेल्या व पुण्यात क्रिकेट शिकलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. चर्मकार समाजात जन्मल्यामुळे त्यांना सहकाऱ्यांकडूनही भेदभावाची वागणूक मिळाली. साताऱ्यात शालेय शिक्षणास आरंभ केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांच्या पराक्रमाचे कौतुक होते. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाल्याने बाळू यांच्या कार्डावरील कसोटीचा रकाना कोराच राहील. त्यांच्या कार्डासाठी दौऱ्याचे आकडे घेणे हाच योग्य मार्ग होय.

विजय हजारे: यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या जत संस्थानच्या राजांचा त्यांना आश्रय मिळाला आणि तेथे ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन लाभले. कसोटी क्रिकेटमध्ये दोनशे बळींचा टप्पा सर्वप्रथम ग्रिमेट यांनी गाठला होता. हजारे यांची कीर्ती मुख्यतः फलंदाज म्हणून आहे. ३० कसोटींत त्यांच्या २,१९२ धावा आहेत. कसोटी बळी केवळ २० असल्याने त्यांच्या मध्यमगती गोलंदाजीचा विसर पडतो. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मात्र त्यांनी ५९५ बळी घेतले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनी व ॲडलेड येथील कसोटींत त्यांनी डॉन ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवला. प्रथम श्रेणीची एक ओळ वाढवताच कार्डावरील हजारे गोलंदाजही ठरतात.

बापू नाडकर्णी: जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्धच्या एका डावात त्यांनी ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती, धावा केवळ ५ दिल्या आणि बळी एकही मिळाला नाही. फक्त बळींचा रकाना ठेवल्यास या विक्रमी कामगिरीच्या जागी शून्य येईल.

सचोटी व कायदेशीर बाबी

जुनी मालिका ज्यांना वगळून गेली, त्यांना स्थान देण्याची संधी नव्या कार्डामुळे मिळते. अमेरिकेत १९७४ मध्ये लाफलिन यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंची ‘ओल्ड टाइम ब्लॅक स्टार्स’ ही मालिका याच हेतूने काढली. मात्र नवे कार्ड जुने म्हणून खपवले गेले, तर इतिहासात खोटी भर पडते. टी-२०६ मधील होनस वॅगनर यांच्या कार्डास २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. असे मोल असलेल्या वस्तूंच्या नकला होणे स्वाभाविक आहे. म्हणून कार्डाच्या पाठीवर निर्मितीचे वर्ष आणि ‘नवनिर्मित’ असा शब्द छापण्याची पद्धत योग्य मानली जाते. जुनेपणा भासवण्यासाठी कोपरे झिजवणे किंवा चहाच्या पाण्याने कागद रंगवणे हे शोभेपुरते चालते; ही खूण मात्र झाकली जाऊ नये.

भारतीय कायद्यानुसार छायाचित्रावरील स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्या मुदतीतील छायाचित्र वापरण्यास परवानगी लागते. स्वतः काढलेले रेखाचित्र हा त्यावरील एक पर्याय होय. संघांची व कंपन्यांची बोधचिन्हे ही स्वतंत्र मालमत्ता असून विक्रीसाठीच्या कार्डावर ती परवानगीविना वापरता येत नाहीत. आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे व कोणत्या दर्जाच्या सामन्यांतील आहेत, हे पाठीवर नमूद केल्यास पुढील वाचकास ते पडताळून पाहता येतात.