दुर्मीळ की न खपलेली?

आज मी 1969च्या शेव्हरोलेट कॅमॅरो झेडएल-1 या गाडीबद्दल बोलणार आहे. तिचं इंजिन 427 घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं, आणि ब्लॉकसकट अ‍ॅल्युमिनियमचं. एवढं मोठं इंजिन या गाडीत बसवायला जनरल मोटर्सचीच मनाई होती. इलिनॉयमधले विक्रेते फ्रेड गिब यांनी वाट काढली ती ‘कोपो’मधून. टॅक्सी, पोलिसांच्या गाड्या अशा खास मागण्यांसाठीची ही पद्धत. शर्यतीच्या नियमाला 50 गाड्या हव्या होत्या. त्यांनी तेवढ्या मागवल्या. पण नुसत्या इंजिनाचेच 4,160 डॉलर! गाडी सात हजारांवर गेली, गिऱ्हाईक फिरकेना आणि बऱ्याच गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या. एकूण बनल्या फक्त 69. आज संग्राहक त्यांच्यासाठी लाखो डॉलर मोजतात. म्हणून मी दुर्मीळ वस्तू पाहिली की आधी विचारतो, ही तेव्हा परवडत कोणाला होती?